बिनतारी सासरे आणि माझी लॉगिन स्क्रीन

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.४०

आजपासून रोजनिशी. या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं कोणी नाही. वही निदान मध्येच उठून दार बघायला जात नाही.

आधी वस्तुस्थिती. सात महिन्यांपूर्वी कंपनीने प्रशिक्षण विभाग बंद केला. ही फोनवर मैत्रिणीला सांगत होती की याची नोकरी गेली. साफ चूक. विभाग गेला. मी आहे. तेव्हापासून आम्ही दोघं हिच्या वडिलांकडे राहतो. तात्पुरते. घरजावई हा शब्द मला लागू होत नाही, कारण घरजावयाला जायला दुसरं घर नसतं. आम्हाला आहे. फक्त सध्या त्यात दुसरे लोक राहतात.

आता आजचा अपमान.

सासरे ऐंशीला टेकलेत. उभा जन्म जहाजांवर बिनतारी ऑपरेटर. कानाला हेडफोन, ठिपके आणि रेघांतून आलेले संदेश ऐकायचे, तसेच पाठवायचे. मनातल्या मनात मी त्यांना बिनतारीच म्हणतो. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचा संगणक आहे. त्यावर मेहुण्याने लिनक्स टाकून दिलंय. (मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. लांब राहतो, सगळं जाणतो.) चालू केला की काय येतं? काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. आधी नाव विचारणार, मग पासवर्ड. मग सासरे 'स्टार्टएक्स' असं टाइप करून एंटर मारणार, तेव्हा कुठे खिडक्या आणि चित्रं उगवणार. नळ घरात असताना विहिरीवरून पाणी शेंदायचं, त्यातला प्रकार.

मी सौम्य आवाजात म्हटलं, बाबा, हल्ली असं कोणी करत नाही. मशीन सुरू होताच सुंदर चित्र येतं, त्यावर आपलं नाव असतं, नावावर क्लिक केलं की झालं. मी करून देतो.

तर म्हणाले, मला हे बरं आहे. ते विचारतं कोण, मी सांगतो मी. पुढे म्हणाले, जावईबापू, तुम्ही कशाला त्रास घेता.

त्रास! दोनशे बारा माणसांना मी स्टॉकचं सॉफ्टवेअर शिकवलंय. त्यातल्या एकानेही मला त्रास घेऊ नका असं म्हटलेलं नाही.

संकल्प: रविवारपर्यंत या घरात ग्राफिकल लॉगिन स्क्रीन आली नाही तर नाव सांगणार नाही. काम तीन तासांचं आहे. रविवार म्हणतोय तो निव्वळ उदारपणा.

४ मार्च, मंगळवार

पार्श्वभूमीसाठी चित्रं निवडली. एकूण सेहेचाळीस. त्यातून नऊ. नवातून एक निवडायचं तर डोकं ताजं हवं. प्रत्यक्ष काम उद्या.

५ मार्च, बुधवार. दुपारी

काम करता आलं नाही, कारण सासरे नऊ ते दहा संगणकावर बसतात. रोज. घड्याळ लावून घ्यावं. मी शेजारी उभा राहून वाट बघत होतो, तर ही मला हाताला धरून आत घेऊन गेली. (ही हॉस्पिटलात मुख्य परिचारिका आहे. धरलेला हात सुटत नाही.) म्हणाली, बाबा काय लिहिताहेत तुला माहीत तरी आहे का?

मला कोणी सांगेल तेव्हा माहीत होणार ना.

तर ते असं. एक्कावन्न वर्षांपूर्वी वादळात एक मालवाहू जहाज बुडालं. सासऱ्यांचं जहाज दीडशे मैलांवर होतं, जवळचं तेच. मदतीला निघाले, पोचेपर्यंत समुद्रावर काही नव्हतं. सरकारी अहवालात लिहिलंय की बुडणाऱ्या जहाजाचे संदेश पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी थांबले. ते थांबले नव्हते. तिथला बिनतारी ऑपरेटर त्यानंतरही अर्धा-पाऊण तास बॅटरीवर क्षीण आवाजात पाठवत राहिला, आणि ते फक्त सासऱ्यांना ऐकू येत होतं. ते बोलणं कामाचं नव्हतं, खासगी होतं, म्हणून त्यांनी नोंदवहीत लिहिलं नाही. काय बोलणं झालं ते पुढेही कोणाला सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही.

त्या ऑपरेटरची मुलगी आता छप्पन वर्षांची आहे. शाळेत भूगोल शिकवते. जुन्या खलाशांच्या कुठल्या तरी पत्रिकेतून तिला सासऱ्यांचा पत्ता लागला. तिने पत्र पाठवलं: माझे वडील शेवटी काय म्हणाले? २३ तारखेला, रविवारी चार वाजता ती येणार आहे.

मी म्हटलं, मग सांगून टाकावं तोंडाने. ही म्हणाली, दोनदा बसले माझ्यासमोर. पहिल्या वाक्यालाच उठून जातात. हात थरथरतो म्हणून पेनही चालत नाही. बटणं तेवढी दाबता येतात. अकरा पानं झाली आहेत.

ऐकून मला वाईट वाटलं. आणि निश्चय पक्का झाला. एवढं महत्त्वाचं लिखाण करणाऱ्या माणसाने काळ्या पडद्यासमोर बसावं? छे.

७ मार्च, शुक्रवार. ११.१५

लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम टाकला. असे प्रोग्राम चार-पाच प्रकारचे असतात. मी सगळ्यांत देखणा घेतला. संगणकाला हुकूम दिला की यापुढे सुरू होताना थेट चित्र. बंद केला, चालू केला.

काळा पडदा आला. पूर्वी निदान अक्षरं होती. तीही गेली.

पंखा मात्र घरघरत होता. मला हसल्यासारखा.

७ मार्च. १२.५०

आलं! वाट बघावी लागते एवढंच. मधोमध दीपस्तंभाचं चित्र, खाली सासऱ्यांचं नाव गोलात. मी हाक मारली. ही ड्यूटीवर. सासरे आले, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, म्हणाले, दिवा उजव्या बाजूला हवा, प्रकाश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

ज्याला कौतुक करायचंच नाही त्याच्यापुढे सूर्य आणून ठेवला तरी तो म्हणणार, जरा डावीकडे.

८ मार्च, शनिवार

सासऱ्यांचा पासवर्ड स्क्रीन घेईना. तीनदा टाकला, तीनदा 'चूक'. मला सांगा, मी टाकतो म्हटलं. नाही सांगितला. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं! मी पन्नाशीचा माणूस. शेवटी कळलं की स्क्रीनने कीबोर्डची दुसरीच मांडणी धरली होती. तासाभरात सुधारलं. सासऱ्यांचा लिहायचा तास गेला. एका तासाने काय होतं, एक्कावन्न वर्षं थांबलेलं आहे. हे मी मोठ्याने बोललो. बोलायला नको होतं. ही अजून बोलत नाही.

९ मार्च, रविवार. दुपारी ४

मुदतीचा दिवस. स्क्रीन आली आहे. म्हणजे मी जिंकलो. लिहून ठेवतो: दिलेल्या मुदतीत काम पूर्ण.

आता फक्त एक शेवटचा हात. लॉगिन झाल्यावर क्षणभर एक छोटी पाटी यावी, तिच्यावर 'सुस्वागतम', आणि खाली बारीक अक्षरात माझं नाव, 'निर्मिती' म्हणून. यासाठी एका फाइलमध्ये एकच ओळ घालायची असते. घातली.

१० मार्च, सोमवार. सकाळी ९.३५. तळपायाची आग मस्तकात

लॉगिन होत नाही. नीट समजून घ्या. (कोणाला सांगतोय? असो.) पासवर्ड चुकीचा दिला तर स्क्रीन सरळ म्हणते, चूक. तेवढा सभ्यपणा तिच्यात आहे. पण बरोबर दिला तर काही बोलत नाही. एकदा डोळा मिचकावते, काळी होते, आणि परत तिथेच. दीपस्तंभ. नाव. पासवर्ड द्या. पुन्हा दिला. डोळा मिचकावला. परत दारात.

सासऱ्यांनी सहा वेळा शांतपणे पासवर्ड टाकला. मग माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाही. माणसाने बोलावं. न बोलणारा माणूस आणि ती स्क्रीन यांत फरक काय राहिला?

१० मार्च. दुपारी

हिने मेहुण्याला फोन लावून माझ्या कानाशी धरला. मेहुणा म्हणाला, भावजी, सेशन सुरू करणाऱ्या फाइलमध्ये काही बदल केलात का?

मी म्हटलं, नाही.

(केला होता. 'सुस्वागतम' ची ओळ. पण त्याचा विचारण्याचा सूर मला पटला नाही. आणि एका ओळीने, त्यातून सुस्वागतम म्हणणाऱ्या ओळीने, एवढा मोठा संगणक अडतो हे शास्त्रालाच धरून नाही.)

तो म्हणाला, बघा, कुठे अवतरणचिन्ह उघडून बंद करायचं राहिलं असलं तरी असं होतं. मी म्हटलं, मला व्याकरण शिकवू नकोस.

११ मार्च, मंगळवार

तोच प्रकार. लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या यादीतून वेगळ्या मांडणीचा पडदा निवडून पाहिला. तोही परत दारात आणून सोडतो. याचा अर्थ दोष मूळ सिस्टिममध्ये आहे. म्हणजे ज्याने ती टाकली त्याच्यात.

खाली कोणी तरी भिंतीला ड्रिल मारतंय. मुद्दाम.

१२ मार्च, बुधवार. ९.२०. कट उघड

बाहेरच्या खोलीतून बटणांचा आवाज. गेलो. सासरे लिहीत बसलेत! काळ्या पडद्यावर!

मी विचारलं, हे कसं काय? तर थंडपणे म्हणाले, कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन एकदम दाबलं की जुना पडदा येतो. तुमच्या मेहुण्याने काल सांगितलं. इथूनच फाइल उघडते. चौदावं पान चालू आहे.

माझ्या पाठीमागे. माझ्या स्क्रीनच्या पाठीमागे, अक्षरशः. मी नऊ दिवस घाम गाळून पुढचा दरवाजा सजवतोय आणि घरचेच लोक न्हाणीघराच्या खिडकीतून ये-जा करताहेत.

मी म्हटलं, बाबा, ही सवय बरी नव्हे. ते म्हणाले, जावईबापू, तो आता लाइफबोटीबद्दल विचारतोय, जरा थांबा. मला कळायला वेळ लागला की 'तो' म्हणजे एक्कावन्न वर्षांपूर्वीचा माणूस.

थांबलो नाही. आत येऊन हे लिहितोय.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी ११

विचारपूर्वक निर्णय. घराला एकच दार असावं. सासरे डॉक्टरकडे गेले असताना त्यांच्या उघड्या राहिलेल्या काळ्या पडद्यावर बसून असे काळे पडदे येण्याची सगळी सोय बंद करून टाकली. असे पडदे सहा असतात; सहाच्या सहा. कंट्रोल, आल्ट, एफ-काहीही दाबा, काही येणार नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे. शिवाय आता माझी स्क्रीन दुरुस्त होण्यावाचून पर्यायच राहणार नाही. दोर कापल्याशिवाय माणूस लढत नाही.

१३ मार्च. ११.४०

दुरुस्तीसाठी लागणारे सगळे हुकूम काळ्या पडद्यावरच द्यायचे असतात.

हे आधी लक्षात यायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. म्हणणं सोपं असतं.

१४ मार्च, शुक्रवार

सासरे नऊला बसले. दीपस्तंभाकडे बघत. तिन्ही बटणं दाबून पाहिली, पुन्हा दाबली. दहाला उठले. चष्मा डबीत ठेवला.

संध्याकाळी ही घरी आली ती गणवेश न बदलताच माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. वॉर्डात आवाज चढवायची सवय नाही म्हणून तिचं बोलणं जास्त लागतं. म्हणाली, बाबांना ते लिहायला बसायला अर्धं आयुष्य लागलं. तू त्यांना कशासाठी अडवून ठेवलंयस? त्या बाईसाठी नको, माझ्यासाठी नको, निदान माझ्या भावाला खरं काय केलंस ते सांग.

मी म्हटलं, मी हे सगळं बाबांसाठीच करतोय. ही म्हणाली, बाबांनी मागितलं होतं?

मग मी तो मुद्दा बाजूला ठेवला, कारण रागाच्या भरात माणसं असंबद्ध प्रश्न विचारतात.

एकाग्रता हवी म्हणून संगणक उचलून आमच्या झोपायच्या खोलीत आणला. खिडकीशी आता नुसतं टेबल आहे. धुळीत चौकोन उमटलाय.

१६ मार्च, रविवार

मेहुण्याचा लांबलचक निरोप. दहा मिनिटांचं काम आहे म्हणे. पेन ड्राइव्हवर सिस्टिम घ्या, तिने संगणक चालू करा, आधी बाबांचं लिखाण दुसरीकडे कॉपी करा, मग ती ओळ काढा. पायरीपायरीने लिहिलंय, लहान मुलाला लिहावं तसं. शेवटी: भावजी, काहीही करा, पण आधी कॉपी.

मी एका शब्दात उत्तर पाठवलं: नियंत्रणात.

१८ मार्च, मंगळवार

हिने बाबांना म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. दोघं बाहेरच्या खोलीत बसले. मी दाराआडून ऐकलं. (ऐकलं म्हणजे कानावर पडलं.) सासरे म्हणाले, त्या दिवशी वारा वायव्येचा होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि बेसिनचा नळ.

ही तिथेच बसून होती. वहीवर एक ओळ. मला बघून वही मिटली.

मला काय आनंद होतोय का? पण माझ्या मनात काय चाललंय हे या घरात कोणी विचारत नाही.

२० मार्च, गुरुवार

जेवायला बसलो असताना उभा राहून जाहीर केलं: शनिवारी दुपारी बारापर्यंत संगणक चालू, लिखाण बाबांच्या हातात, शेवटची पानं लिहायला अख्खा दिवस मोकळा. माझा शब्द.

सासरे म्हणाले, बरं. ही पाणी प्यायली.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ९.१०

पेन ड्राइव्ह तयार. मेहुण्याने सांगितलं म्हणून नाही. मला स्वतंत्रपणे सुचलं. फक्त त्याच्यासारखी ठिगळं लावत बसणार नाही. सिस्टिमच मुळापासून नवी टाकणार. रोग्याला रोज गोळ्या देण्यापेक्षा एकदाच ऑपरेशन.

कॉपीचं: गरज नाही. लिखाण 'होम' नावाच्या कप्प्यात असतं आणि होम वेगळंच असतं. सगळ्या जाणकारांचं म्हणणं आहे की होम वेगळं ठेवावं.

९.२५

विचारतंय: डिस्कवरचं सगळं पुसून नव्याने बसवू का? हो.

पुन्हा विचारतंय: नक्की? या यंत्रांना माणसावर विश्वास म्हणून नाही. हो!

१०.०५

होम वेगळं नव्हतं.

मेहुण्याने वेगळं ठेवलंच नव्हतं. आता बोला, चूक कोणाची?

१०.३०

मघाशी लिहिलेलं वाचलं. चूक मेहुण्याची आहे. ठाम.

११.५५

बाराला पाच कमी. सासरे दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, आमची खोली म्हणून. विचारलं, जावईबापू, ते आहे ना?

मी म्हटलं, आहे.

(संगणक आहे. त्यांनी 'ते' म्हटलं, मी संगणक समजलो.)

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, दार ओढून घेऊ का? मी म्हटलं, घ्या.

दुपारी ३

हरवलेल्या फाइली शोधून काढणारा प्रोग्राम मिळाला. उद्या सकाळपर्यंत सगळं परत. हिला आत्ताच सांगण्यात अर्थ नाही, उगाच धसका घेईल.

२३ मार्च, रविवार. सकाळी ८

प्रोग्रामने एकोणीसशे फाइली काढल्या आहेत! सगळ्यांना नावाऐवजी आकडे आहेत. एकेक उघडून बघतोय.

दुपारी १२.३०

सहाशे झाल्या. बटणांची चित्रं, घड्याळाची चित्रं, कसल्या कसल्या नोंदी. एका फाइलमध्ये अर्धं वाक्य सापडलं: 'तो मला विचारत होता की तुझ्याकडे उजाडलं का'. पुढे नुसते चौकोन. मागेही चौकोन.

ते वाक्य मी चार वेळा वाचलं. मग पुढच्या फाइलीकडे गेलो. वेळ घालवून चालणार नाही.

३.४०

तेराशे. ही दारातून म्हणाली, मिळालं का? मी म्हटलं, जवळजवळ. तिने माझ्याकडे बघितलं आणि दार लावलं. बाहेर खुर्च्या मांडल्याचा आवाज.

४.०५

बेल. पाहुणी आली. आवाज खणखणीत आहे, वर्गात शिकवणाऱ्यांचा असतो तसा. चपला कुठे काढू विचारतेय.

फाइली मिळत नाहीत. ठीक आहे. निदान बाहेर जाऊन दाखवता येईल अशी एक तरी गोष्ट हवी. नव्या सिस्टिमवर लॉगिन स्क्रीन बसवायला घेतली. पंधरा मिनिटांचं काम. संगणक उचलून बाहेर नेईन, दीपस्तंभ दाखवीन, आणि मग लिखाणाचं समजावून सांगीन.

४.३०

हिने दारावर टकटक केली. बाहेर ये, बाबा सांगताहेत.

मी म्हटलं, पाच मिनिटं.

४.५०

पुन्हा टकटक. या वेळी दार उघडलं. हिचे डोळे लाल. हळू आवाजात म्हणाली, अरे, ते बोलताहेत. स्वतःहून. ऊठ. मी म्हटलं, आलोच, एवढं एक रीस्टार्ट. ती गेली. दार नीट लागलं नाही. फटीतून सासऱ्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पंख्याची घरघर मध्ये. पंखा बंद करायचा तर संगणक बंद करावा लागला असता.

५.२०

आली! पहिल्या फटक्यात. दीपस्तंभ, गोलात नाव, पासवर्ड बरोबर, आत! मिचकावणं नाही, परत दारात नाही. आणि मधोमध पाटी: सुस्वागतम! अवतरणचिन्ह या वेळी बंद केलं होतं. (याचा आधीच्या गोष्टीशी संबंध जोडायची गरज नाही.)

धावत बाहेर गेलो.

कोणी नव्हतं. तीन खुर्च्या, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ ओढलेल्या. कप भरलेले, वर साय. चहाला कोणी हात लावला नव्हता. खिडकीतून बघितलं तर तिघं खाली रस्त्यावर. पाहुणीने सासऱ्यांचा हात धरला होता; कोण कोणाला आधार देतंय ते वरून कळत नव्हतं. ही दोन पावलं मागे. बसथांब्याकडे चालले होते, अगदी सावकाश.

मी चपला घातल्या. मग काढल्या.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ९

काल कोणी मला काही बोललं नाही. यापेक्षा भांडण परवडलं. हिला विचारलं, काय सांगितलं बाबांनी? ही म्हणाली, मला नाही, त्यांना विचार. आणि ड्यूटीवर गेली.

१०.१५

विचारलं.

सासरे बाहेरच्या खोलीत रिकाम्या टेबलाशी बसले होते. मी खूप तयारी करून गेलो होतो. होमचा कप्पा, मेहुण्याची चूक, प्रोग्रामचे आकडे. पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला. म्हणाले, लिखाण गेलं ते मला शनिवारीच कळलं. समोरचा माणूस न दिसता तो ठीक आहे की नाही हे ओळखायचं, त्याचाच मी उभा जन्म पगार घेतला. तुम्ही तर दिसत होतात.

मी म्हटलं, बाबा, मग तुम्ही बोलला का नाहीत?

म्हणाले, बोलून फाइल येणार होती का? रात्री विचार केला, आता कागद नाही, आडोसा नाही. ती येणार म्हणजे सांगावंच लागणार. सांगितलं. जमलं.

मला हायसं वाटलं. म्हणजे एका परीने माझ्यामुळेच. हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. माझ्याही नकळत मी ते गिळलं. आणि विचारलं, तो शेवटी काय म्हणाला हो?

सासरे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, जाताना तिने एक मागणं मागितलं. म्हणाली, हे माझ्या बाबांचं बोलणं आहे, एवढी वर्षं तुम्ही जपलंत, आता या खोलीत होते त्यांच्यापुरतंच राहू द्या. मी शब्द दिला.

मी म्हटलं, पण मी घरातलाच आहे.

ते म्हणाले, तुम्ही खोलीत नव्हतात, जावईबापू. तुम्हाला दोनदा बोलावलं होतं.

रागाने म्हणाले असते तर मला उत्तर देता आलं असतं. ते तसं म्हणाले नाहीत. वेळ विचारल्यावर सांगावी, तसं सांगितलं.

दुपारी ४

संगणक उचलून परत बाहेर नेला. धुळीच्या चौकोनात बरोबर ठेवला, वायरी लावल्या, चालू केला. सासऱ्यांना बोलावलं. आले, चष्मा लावला. दीपस्तंभ. मी म्हटलं, दिवा आता उजव्या बाजूला घेतलाय.

त्यांनी वाकून बघितलं. म्हणाले, छान आहे. मग विचारलं, यात माझं नाव कुठे आहे?

गोलात फक्त माझं नाव होतं. काल घाईत तेवढंच घातलं होतं. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे बाबा, आत्ता घालतो, तुम्ही बसा, तुम्हाला पुन्हा लिहायला लागलं तर.

ते म्हणाले, राहू द्या. मला लिहायचं होतं ते संपलं. तुम्हीच वापरा आता.

आणि माझ्या खांद्याला हलकेच हात लावून आत गेले.

मी पासवर्ड टाकला. पाटी आली, सुस्वागतम, खाली माझं नाव. दोन सेकंदांनी गेली. मागे स्वच्छ, रिकामा पडदा. त्यावर उघडण्यासारखं काहीच नव्हतं.